पंचा अडकला म्हणून

अटलांटिक ओलांडायला निघण्याच्या ठरलेल्या तारखेच्या नऊ दिवस आधी आमच्या बोटीवर एक पंचा तारेला अडकला. त्यातून पुढे जे झालं ते क्रमाने लिहिते आहे. मी चाकणला एका कारखान्याच्या देखभाल विभागात काम करते. यंत्र बंद पडलं की चूक कुणाची हे नंतर बघायचं. आधी काय घडलं, कधी घडलं आणि ते अगोदर का दिसलं नाही, हे लिहून काढायचं, अशी आमच्याकडे शिस्त आहे. इथलं यंत्र म्हणजे ३८ फुटी शिडाची बोट. ती चालवणारी माणसं म्हणजे माझी आत्या, आणि तिचे यजमान, ज्यांना मी काका म्हणते.

काका सदुसष्ट वर्षांचे, आत्या चौसष्टची. दोघं इंग्लंडला जाऊन चाळीस वर्षं होत आली. काका मेकॅनिकल इंजिनियर होते, आत्या हिशेबतपासणीच्या कामात होती. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे बंगला बांधतात. यांनी नऊ वर्षांपूर्वी एक जुनी बोट घेतली. दर उन्हाळ्यात थोडं थोडं लांब जात राहिले आणि शेवटी ठरलं, आता पलीकडे. तिसरी खलाशी मी. आमचं मूळ घर देवगडचं, त्यामुळे समुद्र लहानपणापासून पाहिलेला, पण काठावरूनच. बोटीवरचं जे काही येतं ते त्यांच्याबरोबर काढलेल्या दोन सुट्ट्यांतलं.

बोट, मुक्काम आणि यादी

मुक्काम होता लास पाल्मासला. स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या ग्रान कनारिया बेटावरचं हे बंदर. युरोपातून कॅरिबियनला जाणाऱ्या शिडाच्या बोटी इथे थांबतात याचं कारण सातवीच्या भूगोलात आहे: ईशान्य व्यापारी वारे. ते पाठीवर घेतले की बार्बाडोसपर्यंतचे सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर, आमच्यासारखी बोट वीस-एकवीस दिवसांत कापते. पलीकडचा चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरीस संपतो, म्हणून पोचायचं ते त्यानंतरच, अशा बेताने सगळे थांबतात. आमच्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोळी होड्या लोटत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. १९८६ पासून दर नोव्हेंबरात इथून बोटींचा एक मोठा ताफा एकत्र सुटतो. त्या वेळी शेकडो बोटी शेवटच्या तयारीला लागलेल्या असतात, आणि प्रत्येकीला तोच इलेक्ट्रिशियन, तोच शिडं शिवणारा आणि डोलकाठी-तारांचं काम करणारा तोच रिगर हवा असतो. आम्ही ताफ्यात नव्हतो. गर्दीत मात्र होतो.

लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळ, असं जुने दर्यावर्दी सांगायचे. आत्याने तुपाची बरणी ओट्याच्या फळीवर ठेवून दिली होती. लास पाल्मासला ते आधीच पातळ होतं, त्यामुळे तिच्या मते आपण निघालोच असायला हवं होतं.

बोटीवरचं राहणं बाहेरून वाटतं तसं रम्य नसतं. साडेअकरा मीटर लांब, मधे साडेतीन मीटर रुंद, त्यात तीन माणसं आणि महिनाभराचं सामान. माझ्या बिछान्याचा अर्धा भाग सुट्या शिडाच्या पिशवीने घेतलेला. सकाळी उठल्यावर पिशवी बाहेर, रात्री आत. कुठलीही वस्तू काढायची तर आधी दुसऱ्या तीन हलवायच्या. पुठ्ठ्याचा एकही खोका बोटीवर आणायचा नाही, कारण पुठ्ठ्याच्या पन्हाळींत झुरळांची अंडी असतात. म्हणून सगळं धक्क्यावर उघडून, पुसून, पिशव्यांत भरून आत न्यायचं. डब्यांवरचे कागद सोलून टाकायचे आणि मार्करने लिहायचं, नाहीतर ओल लागून कागद सुटतात आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपात जाऊन बसतात. अंडी कधीच फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यायची आणि दोन दिवसांनी एकदा उलटायची. कांदे आणि बटाटे एकत्र ठेवले की बटाट्यांना कोंब फुटतात, तेव्हा कांदे पुढच्या टोकाला आणि बटाटे मागे. प्रेशर कुकरला तर बोटीवर तोड नाही: झाकण बंद, कितीही डोलली तरी वरण जमिनीवर येत नाही. गोडे पाणी तीन टाक्यांत ३८० लिटर, शिवाय ९० लिटर बाटल्यांत. समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी पेलाभर गोड्या पाण्यात खळबळायची सवय बंदरातच लावून घेतली.

आणि यादी. चार्ट टेबलावर चिकटवलेली, काकांच्या सुबक अक्षरातली, १४३ कामांची. मी २ नोव्हेंबरला पोचले तेव्हा त्यांतली ६० कामं झालेली होती. १५ तारखेला ११८. काकांना रात्री जेवण झाल्यावर यादीसमोर उभं राहून दिवसभरातल्या बरोबरच्या खुणा मोजायला आवडायचं. एक दिवस सात खुणा झाल्या तर चेहरा खुललेला असायचा.

या प्रकरणात माझ्या मते खरी गोम या यादीत आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. 'चमच्यांचा खण बंद राहील अशी खिट्टी लावणे' हे एक काम होतं आणि 'डोलकाठी व तारा तपासणे' हेही एक काम होतं. दोन्हींना एकेक ओळ, दोन्हींना एकेक खूण. दिवस संपत आला आणि खुणा चारच झालेल्या असल्या की माणूस खिट्टी लावतो. खिट्टी वीस मिनिटांत होते आणि लगेच डोळ्यांना दिसते. हिरव्या केळ्यांचा अख्खा घडसुद्धा काकांनी १४ तारखेलाच आणून मागे टांगला होता. निघायला अकरा दिवस असताना. कारण बाजारात घड दिसला आणि यादीत 'केळी' होती.

'डोलकाठी व तारा' यापुढे खूण कधीच झालेली होती. सप्टेंबरात पोर्तुगालला काका दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून थेट टोकापर्यंत चढले होते, वरच्या प्रत्येक जोडणीचे फोटो काढले होते, दिव्याची तार बदलली होती. काम उत्तम झालं होतं. फक्त ते वरचं होतं.

पंचा

१५ नोव्हेंबरला सहारावरून धूळ आणणारा वारा सुटला. तिथे त्याला कालिमा म्हणतात. नाव ऐकून मला हसू आलं, कारण धूळ तांबूस पिवळी असते. रात्रीत दोरखंड, शिडांची आवरणं, बाहेर वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर वीटभट्टीशेजारी राहिल्यासारखा थर. १६ ला सकाळी आत्याने सगळे कपडे पुन्हा धुतले आणि दोरी बांधून डेकवर वाळत घातले. त्यात मी पुण्याहून नेलेला पांढरा सुती पंचा होता.

डाव्या बाजूला डेकच्या कडेने काकांनी एक फळी बांधली होती आणि फळीला डिझेलचे सहा डबे करकचून आवळले होते. पंचा वाऱ्याने निसटला आणि डब्यांच्या मागे, तारेच्या बुंध्याशी जाऊन पडला. मी हात घालून ओढला. आला नाही. पुन्हा ओढला तेव्हा टर्रकन फाटला आणि एक धागा तिथेच राहिला, वाऱ्यावर फुरफुरत.

मी डबे सोडवले. तार टर्नबकलच्या, म्हणजे ती आवळायच्या पेचाच्या, वर एका स्टीलच्या नळीत शिरते. ही नळी यंत्राने दाबून तारेवर घट्ट बसवलेली असते, तिला स्वेज म्हणतात. नळीच्या तोंडाशी, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, एक बारीक टोक बाहेर आलेलं. तांदळाच्या दाण्याएवढं. तार एकोणीस पेडांची, त्यांतला एक पेड तुटून उभा राहिला होता आणि त्यात पंच्याचा धागा अडकला होता. इंग्रजी खलाशी अशा टोकाला खाटकाचा आकडा म्हणतात. तारेवरून सुती फडकं फिरवून असे आकडे शोधणं ही तारा तपासायची अगदी प्राथमिक रीत आहे. आमच्या बोटीवर ती धुण्याने पाळली.

ही तार कोणती, तेही सांगायला हवं. डोलकाठीला चहूकडून आठ तारा धरून ठेवतात. पुढे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना टोकापर्यंत जाणाऱ्या दोन, आणि काठीच्या मध्यावर येणाऱ्या चार. आमची तुटलेली तार मध्यावरच्या चारांपैकी डावीकडची मागची. काठीचं टोक वरच्या तारा धरतात, पण मधला भाग बाहेर फुगू नये हे काम या चारांचं. त्यांतली एक गेली आणि नेमका त्याच बाजूने वारा असला, तर काठी उपटून पडत नाही. मधेच कांडी मोडावी तशी मोडते.

काकांना हाक मारली. ते गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं, बोटाने टोक चाचपलं आणि रक्त आलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकच आहे."

फाइल आणि लाल रेघ

त्या संध्याकाळी कॉकपिटमध्ये, म्हणजे बोटीच्या मागच्या उघड्या बैठकीत, जे बोलणं झालं त्याला भांडण म्हणायला हरकत नाही. काकांची बाजू कच्ची नव्हती. आठ मिलिमीटरची ही तार चार टनांहून जास्त ओढ सोसते, एकोणिसातला एक पेड गेला तरी अठरा उरतात. त्यांच्याकडे सुट्या तारेचं वेटोळं होतं, आणि यंत्राशिवाय हाताने पानांनी आवळून बसवता येणाऱ्या जोडण्या होत्या, अगदी अशाच प्रसंगासाठी घेतलेल्या. एक तार बदलायची, दीड दिवसाचं काम, २५ ला निघायचं.

"आणि बाकीच्या?" आत्याने विचारलं.

"बाकीच्यांना काय झालंय? नऊ वर्षांत एकदा कुरकुरल्या नाहीत."

"अहो, ही तरी कुठे कुरकुरली होती?"

मी ओढीपेक्षा डोलण्याचं गणित मांडलं, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं आहे. वारा पाठीमागून असला की बोट सतत डावी-उजवी डोलते. पाच सेकंदांना एक हेलकावा धरला तर दिवसाला सतरा हजारांवर, वीस दिवसांत साडेतीन लाखांच्या आसपास. प्रत्येक हेलकाव्याला एका बाजूच्या तारा ताणतात, दुसऱ्या सैल पडतात. तारेचा तुकडा हाताने तोडायचा असला तर आपण ओढत बसत नाही, वाकवतो. तसंच. काका म्हणाले, "हे मला शिकवू नकोस." शिकवायची गरज नव्हतीच, त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. अडचण माहितीची नव्हती. पाच आठवडे बंदरात काढल्यावर, १४३ पैकी ११८ खुणा झाल्यावर, ज्या कामापुढे सप्टेंबरातच खूण केली ते पुन्हा उघडायचं कसं, ही होती.

मी आणखी एक चूक केली. २०१८ साली हिंदी महासागरात नौदलाचे दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' या बोटीची डोलकाठी मोडली, पाठ दुखावल्यामुळे ते आत अडकून पडले आणि तीन दिवसांनी फ्रेंच मत्स्यखात्याच्या जहाजाने त्यांना उचललं, हे मी मधेच काढलं. 'थुरिया' गोव्यात बांधलेली, १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या 'सुहैली'च्या नमुन्यावर. आणि मूळची सागवानी 'सुहैली' मुंबईत बांधलेली. काकांना हा सगळा इतिहास पाठ. ते शांतपणे म्हणाले, "ते वादळ होतं. चौदा मीटरच्या लाटा. तिथे नवीन तारासुद्धा टिकल्या नसत्या. उगीच घाबरवायला उदाहरणं देऊ नकोस." बरोबर होतं त्यांचं.

आत्या तोवर आत जाऊन फाइल घेऊन आली होती. बोट घेतल्यापासूनची प्रत्येक पावती तारखेने लावलेली, आधीच्या मालकाने दिलेल्या पावत्याही मागच्या कप्प्यात. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेली बाई. तिने तारांची पावती काढून काकांपुढे ठेवली. बोट घेताना मालकाने तारा नव्याच आहेत असं सांगितलं होतं आणि चार वर्षांची तार तेव्हा नवीच होती. काका मात्र तारांचं वय बोट घेतल्या दिवसापासून मोजत आले होते. नऊ नव्हे, तेरा. दहा-बारा वर्षांनी तारा बदलाव्यात असा ढोबळ संकेत आहे आणि दहानंतर बऱ्याच विमा कंपन्या तपासणीचा दाखला मागतात. फक्त पुढची तार काकांनी स्वतः पाच वर्षांपूर्वी, शीड गुंडाळायच्या यंत्राबरोबर बदललेली होती. म्हणजे जुन्या सात.

तरी निर्णय झाला नाही. पावती हा कागद आहे, काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी सकाळी मी बंदरामागच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून तीन डबे आणले: एक साफ करायचं द्रावण, एक लाल रंग, एक पांढरा फवारा. धातूतल्या बारीक भेगा शोधायच्या या रीतीला आमच्या कारखान्यात डीपी टेस्ट म्हणतात आणि आठवड्यातून दोनदा मी ती कुणाला ना कुणाला करायला सांगते. कितीतरी वर्षांनी स्वतःच्या हाताने केली. नळ्या घासून, पुसून कोरड्या केल्या. लाल रंग मारला. पंधरा मिनिटं थांबलो. आत्याने तेवढ्यात चहा केला. मग फडक्याने रंग पुसून काढला. द्रावण थेट फवारायचं नाही, फडक्यावर घेऊन पुसायचं, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन निघतो. मग पांढरा फवारा. नळ्या खडूसारख्या पांढऱ्याफटक झाल्या.

पहिली काही सेकंदं काहीच नसतं. मग भेगेत शिरलेला रंग पांढऱ्यावर हळूहळू उमटतो. तुटलेल्या तारेच्या नळीवर नखाएवढी रेघ आली, ती अपेक्षितच होती. आम्ही उजव्या बाजूला गेलो. उजवीकडची मागची तार, जिचा एकही पेड तुटला नव्हता, जिच्यावरून काकांनी कालच फडकं फिरवलं होतं, तिच्या नळीवर तोंडापासून खाली उभी लाल रेघ फुटत गेली. एक सेंटिमीटर, मग दोन. काका बघत होते. चहाचा कप तसाच हातात. बाकीच्या नळ्यांवर काही आलं नाही.

"रिगरला फोन कर," काका आत्याला म्हणाले.

भेगा खालच्याच टोकांना का, तर पाणी तारेवरून ओघळत खाली येतं आणि नळीच्या तोंडातून आत जाऊन बसतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. नळीत कोंडलेल्या खाऱ्या पाण्याला तो मिळत नाही. वरच्या नळ्यांची तोंडं खाली असल्याने त्यांच्यात पाणी साठत नाही. म्हणजे टोकापर्यंत चढून जिथे तपासलं तिथे धोका कमी होता, आणि जिथे गुडघे टेकले असते तर दिसलं असतं तिथे कुणी बघितलं नाही. डिझेलच्या डब्यांमुळे दिसलं नाही असं मी आधी अहवालात लिहिणार होते. पण डबे ३० ऑक्टोबरला बांधले. त्याआधी ती तार उघडीच होती. आणि उजव्या बाजूला तर डबे नव्हतेच. डब्यांना दोष देता येत नाही.

थांबण्याचा हिशेब

रिगर मंगळवारी आला, दहा मिनिटं बोटीवर होता. सातही तारा बदला, असं त्याचं म्हणणं. पण रविवारी ताफा सुटेपर्यंत त्याला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यानंतर, २७ पासून, आमचं काम. चार हजार युरोंच्या आतबाहेर.

पैशांपेक्षा तारखा टोचत होत्या. आत्या-काका ब्रिटिश पासपोर्टवर. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश माणसालाही शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. ते ८ सप्टेंबरला स्पेनमध्ये शिरले होते. नव्वदावा दिवस ६ डिसेंबर. चाळीस वर्षांपूर्वी भारतीय पासपोर्टवर व्हिसाच्या रांगा लावलेल्या आत्याला याची मौज वाटत होती, कारण या खेपेला माझा व्हिसा त्यांच्याहून चौदा दिवस पुढे होता. बार्बाडोसला भारतीय पासपोर्टला व्हिसा लागत नाही, मुक्काम तिथला ठरवण्यामागे तेही एक कारण. ३० ला काम संपलं, दोन दिवस तारा जुळवायला, एक दिवस कागदपत्रांना, तर ४ डिसेंबरला निघता येणार होतं. हाताशी दोन दिवस. त्यात वारा उलटा फिरला तर मोरोक्कोकडे सरकायचं, असं काकांनी नकाशावर आखून ठेवलं.

मधल्या आठवड्यात काकांनी जुनी यादी फाडली नाही, तिच्या शेजारी दुसरा कागद लावला. त्यात कामं जागेप्रमाणे नव्हती. वरच्या भागात, हे बिघडलं तर बोट किंवा माणूस जाईल आणि समुद्रात दुरुस्त करता येणार नाही अशी कामं. मधे, बिघडलं तर हाल होतील पण पोचू. खाली बाकी सगळं. वरच्या भागात अकरा कामं आली. त्यांतल्या चारांपुढे जुन्या यादीत आधीच खूण होती, ती चारही पुन्हा उघडली. सुकाणूच्या दांड्याचा बेअरिंग त्यात होता, तळातले पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह होते, तराफ्याच्या तपासणीची तारीख होती. एका व्हॉल्व्हची मूठ फिरवताना हातात आली. तोही बदलला. खिट्ट्या, दिव्यांची झाकणं, चार्जिंगचे जादा पॉइंट हे सगळं खाली गेलं आणि त्यातलं बरंचसं शेवटपर्यंत झालं नाही. कुणाचं काही अडलं नाही.

थांबण्याचे हाल मात्र होते. ताफा सुटला त्या रविवारी आम्ही धक्क्यावर उभे राहून हात हलवत होतो. भोंगे, झेंडे, बॅंड. संध्याकाळी बंदर निम्मं रिकामं. शेजारची जागा मोकळी झाली की आपली बोट एकदम लहान आणि मळकी दिसते. रात्री जेवताना कुणी फारसं बोललं नाही. केळ्यांनी आपलं वेळापत्रक पाळलं: सगळा घड दोन दिवसांत पिवळा झाला. चार दिवस शिकरण, दोन दिवस केळ्याचे उंडे, आणि उरलेली आत्याने धक्क्याधक्क्यावर जाऊन वाटली. बदल्यात एका म्हाताऱ्या कोळ्याने आम्हाला मोहो दिला. लाल मिरच्या, लसूण, जिरं, तेल आणि व्हिनेगर वाटून करतात. ठेच्याचा चुलतभाऊ. मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत उकडलेल्या बटाट्यांबरोबर तो खाल्ला तेव्हा काका बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

एक दुपार जुन्या शहरात कोलंबसाच्या नावाच्या वाड्यात घालवली. १४९२ च्या ऑगस्टात त्याच्या 'पिंटा'चं सुकाणू निखळलं, ते याच बेटावर दुरुस्त झालं. 'निन्या'ची तिकोनी शिडं काढून चौकोनी बसवली, कारण पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याला ती बरी. ६ सप्टेंबरला तो याच बेटांतल्या गोमेरावरून पुढे गेला. "बघा, त्याचेही काही आठवडे गेले," आत्या म्हणाली. काका म्हणाले, "त्याला शेंगेन नव्हतं."

२७ ला रिगर आला. काठी न उतरवता काम होतं: ज्या तारेला हात लावायचा तिच्या बाजूला शीड वर चढवायचे दोर ओढून बांधतात, ते तात्पुरते काठी धरतात, मग एक तार सोडायची, तिच्या मापाची नवी लावायची, मग दुसरी. चौथ्या दिवशी दुपारी सात जुन्या तारा धक्क्यावर वेटोळी करून पडल्या होत्या. रिगरने डावीकडची मागची उचलली, नळी व्हाइसमध्ये धरली आणि तार एकदाच बाजूला वाकवली. टिक टिक असा आवाज आला. आणखी तीन पेड सुटून उभे राहिले, आतमध्ये तुटलेले, तपकिरी पडलेले. काकांनी ते मोजले. मग स्वतः उजवीकडची घेतली, तशीच धरून वाकवली. नळी रेघेवरून उघडली, शेंग उकलावी तशी.

त्यांनी दोन्ही टोकं कापून खिशात टाकली. बाकीची तार भंगारात दिली.

४ डिसेंबरला सकाळी साडेदहाला दोर सोडले. पासपोर्टवर शिक्के होते, बटाटे होते, केळी नव्हती. नव्या तारा पहिल्या काही दिवसांत थोड्या लांबतात, तेव्हा वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या सैल पडलेल्या तारा बघून टर्नबकल जरा जरा आवळावे लागतात. ते झाल्यावर पुन्हा पिना घालून त्यांच्या टोकांवर टेप.

फाटलेल्या पंच्याचे काकांनी दोन तुकडे केले होते. रोज पहाटे माझी पहाऱ्याची पाळी संपून त्यांची सुरू झाली की ते कमरेला दोरी लावून डेकवर जायचे, प्रत्येक तारेच्या बुंध्याशी बसायचे आणि एक तुकडा खालून वर फिरवायचे. डावीकडच्या तीन आधी, मग मागची, मग उजवीकडच्या. मी चहा घेऊन कॉकपिटमध्ये बघत असायचे. अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी पंचा अडकला. काका तसेच खाली वाकून राहिले, मग टॉर्च मागितला. टेप सुटून पिनेचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी टेप लावली आणि पुढच्या तारेकडे सरकले.